आम्ही चमेलीकडचे

आवडता प्रेमपट कोणता, असं चारचौघांत कुणी विचारलं तर काय सांगायचं याची एक रीत ठरलेली आहे. साठीपुढचे 'मुघल-ए-आझम' म्हणतात. चाळिशीतले 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' म्हणतात. आपली आवड जरा निराळी आहे हे ज्यांना जाता जाता कळवायचं असतं, ते 'छोटी सी बात' म्हणतात आणि चहाचा घोट घेतात. माझी पाळी आली की मी 'चमेली की शादी' म्हणतो. मग बैठकीतलं कुणीतरी कूलरमध्ये पाणी आहे का, ते बघायला उठतं.

नागपुरात विषय बदलायला कूलर फार कामाचा. पण मी चिवट आहे. पाणी भरून होईस्तोवर मी गोष्ट सांगून मोकळा होतो.

गोष्ट अशी. चरणदास हा पहिलवानकीच्या नादी लागलेला पोरगा, म्हणजे अनिल कपूर. उस्ताद मस्तराम, म्हणजे ओम प्रकाश, यांच्या आखाड्यात तो घाम गाळतो. पहिलवानाने चाळिशीपर्यंत बाईच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, हा उस्तादांचा दंडक त्याने शिरोधार्य मानलेला. चमेली ही कल्लूमल कोळसेवाल्याची लेक, म्हणजे अमृता सिंग. दोन वेण्या, हातात पुस्तकं आणि अभ्यासाशी उभं वैर. वयाने लग्नाला आलेली, इयत्तेने नाही. चरणदास तिला बघतो आणि ब्रह्मचर्याची मुदत बरीच वर्षं आधीच संपते. दोघांची जात वेगळी. कोळशाच्या वखारीत भडका उडायला आणखी काय लागतं?

सिनेमा १९८६ चा, बासू चटर्जींचा. हा माणूस आधी 'ब्लिट्झ'मध्ये कित्येक वर्षं व्यंगचित्रं काढायचा. पुढे 'रजनीगंधा', 'छोटी सी बात' काढून त्याने कारकुनांना प्रेमात पाडलं. त्या 'छोटी सी बात'चा नायक प्रेमाचे धडे घ्यायला खंडाळ्याला जातो, एका कर्नलकडे. चरणदासच्या खिशाला खंडाळा झेपत नाही. तो गावातल्या वकिलाला गाठतो, आणि वकील कोण, तर अमजद खान! १९७५ साली ज्याने बसंतीला फुटक्या काचांवर नाचवलं, तो अकरा वर्षांनी एका जोडप्याच्या लग्नासाठी कायद्याची बाजू सांभाळतो. तीही इतक्या मायेने, की वीरूने पाण्याच्या टाकीवर चढण्याआधी याचाच सल्ला घ्यायला हवा होता असं वाटून जातं.

आणि पंकज कपूर! चमेलीचा बाप झालेला हा नट १९५४ चा, लेक झालेली अमृता सिंग १९५८ ची आणि जावई अनिल कपूर १९५६ चा. सासरा जावयापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तरी त्या वखारीवर कल्लूमल खेकसला की आपल्याला आपल्याच घरातला कुणीतरी वडीलधारा आठवतो. चमेलीच्या आईच्या कामात भारती आचरेकर आहेत, आपल्या माणिक वर्मांच्या कन्या. त्याही वयाने लेकीच्याच आसपासच्या. बासुदांना त्या वर्षी तरुण नटांना म्हातारं करायचा छंदच लागला असावा. 'एक रुका हुआ फैसला' त्यांनी त्याच सुमारास केला, आणि त्यात अन्नू कपूरला थेट थरथरणारा म्हातारा केलं. तो अन्नू कपूरही चमेलीच्या गोतावळ्यात आहेच.

शीर्षकगीत कल्याणजी-आनंदजींचं आणि गायलंय खुद्द अनिल कपूरने. त्याबद्दल मी बोलत नाही. प्रेमात काही गोष्टी चालवून घ्याव्या लागतात.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो कुणाच्या पसंतीने नाही. तेव्हा गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर रात्रभरासाठी भाड्याने आणायचे. रंगीत टीव्ही ज्याचा, त्याच्या अंगणात सतरंज्या. कॅसेटवाल्याला 'नगीना' आणि 'कर्मा' सांगून ठेवलेले असायचे. तिसरी कॅसेट तो आपल्या मनाने द्यायचा, म्हणजे जी दुसरं कुणी नेत नाही ती. 'नगीना' सगळ्यांनी श्वास रोखून पाहिला. 'कर्मा'त दिलीपकुमारांनी अनुपम खेरला थप्पड मारली तेव्हा टाळ्यांनी शेजारची कुत्री उठली. तिसरी कॅसेट लागली तोवर सतरंजीवर फक्त घोरणं उरलं होतं. जागे दोघंच. एक मी आणि दुसरे समोरच्या घरातले आजोबा. तरुणपणी त्यांनी महालातल्या एका आखाड्याची माती खाल्ली होती आणि आता त्यांना रात्रीची झोप लागत नसे. पडद्यावर ओम प्रकाश आले की आजोबा सरसावून बसत. चमेली आली की पाणी प्यायला उठत. सिनेमा संपला तेव्हा पाखरं बोलायला लागली होती. आजोबांनी निकाल दिला, "उस्ताद बराबर दाखवला. पोट्ट्याच्या मांड्या कच्च्या आहेत."

झालं एवढंच. त्या दिवसापासून मी चमेलीकडचा.

मोठा झाल्यावर कळलं की आजोबांनी या सिनेमाची किल्लीच हातात दिली होती. बाकीच्या प्रेमपटांत दोघं प्रेम करतात आणि जग मध्ये येतं. इथे जगच आधीपासून जागेवर बसलेलं आहे. आखाडा आहे, वखार आहे, वकिलाचं ऑफिस आहे, जातीचे पुढारी आहेत, आणि या सगळ्यांना काम मिळावं म्हणून दोघंजण प्रेम करतात. मूळ कथा ओमप्रकाश शर्मांची, म्हणजे स्टेशनवरच्या स्टॉलवरून गाडीत वाचायला घेतात तसल्या हिंदी कादंबऱ्या लिहिणाऱ्यांची. अशा कादंबरीत माणसांची गर्दी असायचीच. म्हणून हा सिनेमा बघणारा प्रत्येक जण त्यात आपला धंदा शोधतो. माझा एक मित्र इथल्या खंडपीठात वकिली करतो. मोठ्या आशेने मी त्याला सिनेमा दाखवला, तर मध्येच थांबवून म्हणतो, "तीस दिवसांची नोटीस कुठे आहे बे?"

त्याचं बरोबर होतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लागते, आणि तीस दिवस कुणालाही तिच्यावर हरकत घेता येते. म्हणजे पोरगा-पोरगी घरच्यांना चुकवून सरकारकडे गेली की सरकार म्हणतं, थांबा, आधी काकांना वाचू द्या.

काका ही आमच्या शहरातली सर्वांत जुनी सेवा. २०११ च्या जनगणनेत नागपूर चोवीस लाखांचं भरलं, पण प्रेम करणाऱ्याच्या दृष्टीने इथे फक्त काकाच राहतात. सकाळी अंबाझरीवर फिरायला काका. दुपारी बर्डीवर खरेदीला काका. संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर दोघंजण एका कणसाचे दाणे मोजत बसावेत, तर कणीसवाल्याशी भावाची घासाघीस करणारा पाठमोरा माणूस वळतो, आणि तो मामेसासऱ्यांच्या ऑफिसातला निघतो. तो ओरडत नाही. नुसतं विचारतो, "तू प्रतापनगरचा ना रे?" पुढच्या पंधरा मिनिटांत ही बातमी त्रिमूर्तीनगरापर्यंत पोचलेली असते.

मध्यंतरी वाटलं होतं की स्कार्फमुळे काकांचं दुकान बसणार. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की इथल्या पोरी डोळे तेवढे उघडे ठेवून बाकी सगळं डोकं स्कार्फने गुंडाळतात आणि गाडीवर निघतात. मागे बसलेल्या पोट्ट्यानेही दुपट्टा बांधलेला असतो. सिग्नलला पन्नास गाड्या उभ्या आणि ओळखीचा एक चेहरा नाही! प्रेमाला इतकी मोकळीक ना कायद्याने दिली होती, ना शिक्षणाने. पण काका हार मानणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी एमएच ३१ च्या पुढचे आकडे पाठ करायला घेतले.

हे सगळं चमेलीच्या गावात जसंच्या तसं आहे. मुंबईच्या मित्राला ते गाव उत्तरेकडचं वाटतं. मला ते इतवारीच्या दोन गल्ल्या पलीकडचं वाटतं. एक तर त्यातली हिंदी. नागपूरचा मराठी माणूस भांडण हिंदीत करतो, प्रेम हिंदीत करतो, आणि मराठीत येतो तो थेट लग्नाच्या याद्या करायला. दुसरं असं, की सिनेमाच्या व्यापाऱ्यांच्या लेखी आमचा मुलूख अजून 'सी.पी. बेरार'च आहे. प्रांताचं हे नाव १९५० साली पुसलं गेलं, पण अमरावती-भुसावळच्या वितरकांच्या वह्यांत ते टिकून राहिलं. अर्धे हिंदी, अर्धे वऱ्हाडी, आणि मुंबईपासून एका रात्रीच्या गाडीवर. आम्हाला बासुदांचे बसस्टॉपवरचे सभ्य कारकून आवडतात, पण ते पाहुणे. कल्लूमल घरचा.

मग हा सिनेमा मागे का पडला? मला वाटतं, त्याला कुठल्या फळीवर ठेवायचं ते कुणाला कळलं नाही. विनोदी म्हणावा तर त्यात जात आहे. सामाजिक म्हणावा तर त्यात लंगोट आहे. पोरगी कोळसेवाल्याची, पोरगा दुसऱ्या जातीचा, म्हणून दोन्हीकडचे जातभाई अंगात आल्यासारखे उठतात, आणि बासुदा त्यांच्यावर व्याख्यान न झोडता नुसता कॅमेरा धरतात. २०१६ साली 'सैराट' पाहून आलो तेव्हा घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. जात काय करू शकते ते त्या सिनेमाने दाखवलं. ते करताना ती किती बावळट दिसते हे तीस वर्षं आधी चमेलीने दाखवून ठेवलं होतं. जातीच्या पुढाऱ्याला शिव्या दिल्या तर तो खुलतो. तो चिडतो हसल्यावर. म्हणून दोन्हींत धाडसाचा सिनेमा कुठला, असं मला विचाराल तर मी कोळशाच्या बाजूने मत देईन, आणि तुम्ही कूलर बघायला उठाल.

आमच्या कॉलनीत एक काका आहेत. वेस्टर्न कोलफील्ड्समधून निवृत्त झालेले. कंपनीचं मुख्यालय इथेच, सिव्हिल लाइन्सला, पण काकांची उमर उमरेडच्या खाणीवर गेली. त्यांच्या मुलीने घरी सांगितलं की लग्न करीन तर याच्याशी, आणि हा म्हणजे दुसऱ्या जातीचा. काकूंचं रडणं तीन घरं ऐकू येत होतं. काका माझ्याकडे येऊन बसले. सल्ल्यासाठी नव्हे, शांततेसाठी. अशी संधी आयुष्यात वारंवार येत नाही.

"काका, एक सिनेमा लावतो."

बायकोने कपाळाला हात लावला. "बाप्पा! आता त्यांना पण तो कोळशाचा दाखवता का जी?"

"कोळशाचा?" काका ताठ झाले.

गुडघ्यांवर हात ठेवून त्यांनी पूर्ण सिनेमा पाहिला. मी हसलो की ते माझ्याकडे बघत. कल्लूमल ओरडला की मान डोलवत. चरणदास-चमेलीच्या चिठ्ठ्या-चपाट्या चालू असताना त्यांनी एकदा घड्याळ पाहिलं. अमजद खान आल्यावर म्हणाले, "हा गब्बर ना? याला वकीलपत्र देतात?" सिनेमा संपला. मी आवंढा गिळून विचारलं, "कसा वाटला?"

काका बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, आत काहीतरी हललं.

"तेव्हा कोळशाला ए पासून जी पर्यंत ग्रेड होत्या," काका म्हणाले. "हा माणूस वखारीत कोणता माल ठेवून राहिला, ते एकदाही सांगत नाही."

पुढे ते लग्न जमलं. त्यात माझ्या सिनेमाचा काडीचा वाटा नाही. मुलगा मिहानमधल्या एका कंपनीत आहे आणि पगार अमुक आहे हे कळल्यावर काकूंच्या तोंडची जात निम्मी झाली. फ्लॅट स्वतःचा आहे हे कळल्यावर "आपल्यासारखीच माणसं आहेत हो" इथवर आली. वर्धा रोडवरच्या एका लॉनवर थाटात बार उडाला. काका फेटा बांधून माझ्या शेजारी येऊन टेकले. पंगतीत वडाभात वाढला जात होता आणि त्यांचा चेहरा प्रसन्न होता, म्हणून मी हळूच म्हटलं, "बघा काका, शेवटी चमेलीचं लग्न लागलंच."

काकांनी विचार केला.

"ते लागलंच असतं जी. पण पोरीच्या मागे फिरताना तो वखार कोणाच्या भरवशावर टाकून गेला? एका रात्रीत अर्धा ट्रक माल जाते. तुम्हाले काय माहीत."