पाचशे एमएलवाले सर

आयसीयूत बीपी पडलेला पेशंट दिसला की सर त्याच्या पायथ्याशी उभे राहतात, जीभ बघतात, हाताची कातडी चिमटीत धरून सोडतात आणि मॉनिटरकडे न बघताच निकाल देतात, "सुकलाय रे हा! पाचशे सोडा." तोवर सिस्टरांनी बाटली स्टँडला अडकवलेलीही असते. सरांचं भाकीत त्यांना सरांच्या आधी कळतं.

बीपी वर आलं, तर सर चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "काय म्हणालो होतो?" नाही आलं, तर "कमी पडलं. अजून पाचशे." म्हणजे चुकायची सोयच नाही! त्यातून अशा पेशंटांपैकी साधारण निम्म्यांचंच हृदय सलाईनला दाद देतं. निम्म्या वेळा कुडमुड्या जोशीही बरोबर ठरतो.

सरांचा दुसरा भरवसा सीव्हीपीवर, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतल्या दाबावर. "सहा आहे, भरा." या आकड्यावरून दाद ओळखता येत नाही, असं पॉल मरिक आणि सहकाऱ्यांनी २००८ सालीच जुने अभ्यास एकत्र तपासून लिहून ठेवलंय. रेसिडेंट मुलीने तो पेपर मोबाइलवर दाखवला. सर म्हणाले, "त्यांचे पेशंट वेगळे."

परवा मात्र तिने पेपर दाखवला नाही, पलंगाचं बटण दाबलं. पेशंट ४५ अंशांत टेकून होता. त्याचं धड सपाट झालं, पाय वर गेले. पायांतलं ३००-एक एमएल रक्त आपसूक हृदयाकडे येतं, पाय खाली घेतले की परत जातं. बाटलीतलं असं परत घेता येत नाही. मिनिटभर ती इकोचा प्रोब धरून उभी होती. हृदयातून बाहेर पडणारं रक्त दहा टक्केही वाढलं नाही.

"सर, याला पाणी दिलं तर फुप्फुसात साठेल. बीपी वाढवायला नॉरअ‍ॅड सुरू करते."

सर त्या वर गेलेल्या पायांकडे बघत राहिले. "यात नवीन काय? चक्कर आलेल्याचे पाय आमची आजी उशीवर ठेवायची."

"मग आजींचं ऐकू या ना, सर," सिस्टर म्हणाल्या आणि बाटली काढून ट्रॉलीवर ठेवली.

तेव्हा तुमचा माणूस आयसीयूत असेल आणि स्टँडला बाटली दिसली नाही, तर लगेच सिस्टरांशी भांडायला जाऊ नका. बहुधा कोणीतरी त्याचे पाय वर करून बघितलेले असतात.