मॉनिटरवैद्य

गुरांचा डॉक्टर जामखेडहून येईपर्यंत थांबावं लागतं. मॉनिटरचा तात्या मात्र गावातच असतो. आमच्या खर्ड्यातही आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि एमएस-सीआयटीची लाट आली तेव्हा कॉम्प्युटर, असा त्याचा चढता प्रवास. वरच्या खिशात टेस्टर, खालच्यात दाभण.

तात्या आला की आधी मॉनिटरकडे बघतच नाही, मालकाकडे बघतो. "पोरांनी हात लावला होता का?" उत्तर काहीही आलं तरी मान डोलावतो आणि इतिहासात शिरतो. "11 मार्च 1795. मराठ्यांपुढं निजाम हटला आन् आपल्या खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. वेढा पडला, रसद तुटली, आला तहाला. तवा आधी रसद बघायची!" मग रसद बघितली जाते. निम्म्या वेळा बोर्डातली पिनच ढिली निघते आणि 1795 ची लढाई पुन्हा एकदा जिंकली जाते.

रसद शाबूत असेल तर थाप. मॉनिटरच्या डाव्या कुशीवर, सासऱ्यानं नव्या जावयाच्या पाठीवर मारावी तशी: जोरात नाही, पण अधिकारानं. चित्र येतं. बघणारे थक्क होतात, पण यात जादू काही नाही. जुना डबा मॉनिटर रोज तापतो, रोज थंड होतो; त्यात आतल्या सर्किटचे सोल्डरचे टाके तडकतात आणि धक्क्यानं तेवढ्यापुरते जुळतात. तात्याला हे पक्कं माहीत आहे. "टाका सुटलाय," असं तो सांगतोही. पण टाका मारत नाही. टाका मारला तर पुढच्या आठवड्याचा चहा कोण पाजणार?

त्याची खरी विद्या रंगात. लाल गेला की पडदा निळा-हिरवा, हिरवा गेला की जांभळट, निळा गेला की पिवळा, हे त्याला तोंडपाठ. केबल उपसून तो उजेडात धरतो, एक डोळा मिटतो, तीन ओळींतल्या पंधरा पिनांतली एक वाकडी हेरतो आणि दाभणाच्या टोकानं श्वास रोखून सरळ करतो. त्या वेळी त्याच्याशी बोललेलं चालत नाही. कोपऱ्यात रंगाचे डाग असतील तर शेजारचा स्पीकर उचलून लांब ठेवतो, कारण त्यातल्या चुंबकाचा तो प्रताप. मग चुंबकत्व उतरवणारं डिगॉसचं बटण. 'ढुम्म' आवाज होतो, चित्र थरथरतं. हे बटण चार माणसं जमल्याशिवाय दाबायचं नाही, हा त्याचा नियम.

'नो सिग्नल' आलं तर मॉनिटर निर्दोष सुटतो. सीपीयूतली रॅम निघते आणि घरातल्या पोराच्या दप्तरातल्या खोडरबरनं घासली जाते.

पडद्यावर नुसती एकच आडवी रेघ दिसली की मात्र तात्याचा चेहरा उतरतो. "व्हर्टिकल आयसी. नगरहून आणावा लागंल." जिल्हा अहिल्यानगर झाला तरी तात्याचे पार्ट नगरहूनच येतात. पाठ उघडायची वेळ आली की उजव्या हातानं काम आणि डावा हात खिशात. वायर काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट दबा धरून असतात. दोन्ही हात आत गेले तर करंट छातीतून जातो. या एका बाबतीत तात्या थट्टा करत नाही, तुम्हीही करू नका.

बाकी, रंग गेला तर तात्याला हाक मारण्याआधी केबलचे दोन्ही स्क्रू आवळून बघा. फक्त हे मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नका. आमचाही मॉनिटर जुनाच आहे.