देवांची पिंपळाखालची सोय

आपल्या शहरांतल्या माणसांना सार्वजनिक जीवनात रस उरला नाही, अशी तक्रार नेहमी कानावर येते. ती करणाऱ्यांनी घराजवळच्या एखाद्या पिंपळाचा पार नीट पाहावा. बुंध्याला टेकवून ठेवलेली लक्ष्मीची तसबीर, द्रोणागिरी उचललेला पण काच तडकलेला मारुती, ओल लागून फुगलेले दत्त, सोंड तुटलेला प्लास्टरचा गणपती आणि गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत काळे पडलेले निर्माल्य. यातली प्रत्येक वस्तू कोणीतरी आपल्या देवघरातून, आपल्या हातांनी, सवड काढून इथवर आणली आहे. मतदानाला जाण्याचाही कंटाळा करणारा समाज देवासाठी एवढी पायपीट करतो, याची नोंद व्हायला हवी.

या प्रथेमागचा विचार समजून घेण्याजोगा आहे. पूर्वीच्या देव्हाऱ्यात देव मोजके असत. गणपती, शंकर, विष्णू, देवी आणि सूर्य यांचे पंचायतन, नाहीतर तांब्याच्या पाठीवर बसवलेल्या चांदीच्या पत्र्याचे खंडोबाचे आणि भवानीचे टाक. सून घरात आली की तिच्याबरोबर माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण येत. टाक काळवंडले की सोनाराकडून उजळून आणायचे, पितळेच्या मूर्ती चिंच लावून घासायच्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या ताम्हनात घेऊन न्हाऊ घालायच्या. नाकडोळे झिजून गुळगुळीत झालेल्या अन्नपूर्णेलाही कोणी बदलत नसे, कारण आजेसासूने ज्या अन्नपूर्णेला कुंकू लावले तिलाच लावायचे असे. या पद्धतीत एक मोठी उणीव होती. देव संपत नसे, त्यामुळे त्याच्याशी असलेले नातेही संपवता येत नसे.

ही उणीव छपाईने भरून काढली. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत शिळाप्रेस काढला आणि लक्ष्मी-सरस्वती कागदावरून सामान्यांच्या भिंतीपर्यंत पोहोचल्या. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल ठेवता येत नव्हते, अशा घरांतही देव आला, ही फार मोठी गोष्ट होती. पुढची मजल आपण मारली. आज वास्तुशांतीला चार तसबिरी भेट येतात. जेजुरीहून एक येते, तुळजापूरहून दुसरी, शिर्डीहून तिसरी. दिनदर्शिकेवर देव, लग्नपत्रिकेवर देव, उदबत्तीच्या पुड्यावर देव. दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक कप्पा म्हणजे देवघर. येणारे देव अनेक आणि जागा वीतभर. अशा वेळी जुन्यांनी नव्यांसाठी जागा करून द्यावी, ही अपेक्षा आपण घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनही करतोच.

भग्न मूर्ती घरात ठेवू नये, असे शास्त्र सांगते आणि आपण ते काटेकोरपणे पाळतो. शास्त्र पुढेही काही सांगते. मूर्तीला निरोप द्यायचा तर उत्तरपूजा करावी, गंध-अक्षता वाहाव्यात, नैवेद्य दाखवावा, पुन्हा येण्याची विनंती करावी, मूर्ती जागेवरून किंचित हलवावी आणि मग तिचे विसर्जन करावे. या सगळ्यातले आपण हलवणे तेवढे ठेवले आहे. किंचितऐवजी थेट कोपऱ्यावरच्या पारापर्यंत हलवतो, एवढाच फरक. धर्मात काळानुरूप बदल होत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा चोख उत्तर कोणते?

कायद्याचीही अडचण आहे. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांनी घरातल्या कचऱ्याचे ओला, सुका आणि घातक असे भाग करायला सांगितले. देवाचा फोटो यातल्या कशात टाकायचा? टाकायचे मनातही आणवत नाही, इतकी आपली श्रद्धा कोवळी आहे. ठेवूनही घ्यायचा नाही, इतकी आपली व्यवहारबुद्धी पक्की आहे. श्रद्धा आणि व्यवहार यांचा इतका सुंदर मेळ पिंपळाखालीच बसतो. नदीच्या पुलावरही तो बसत असे. पण अनेक शहरांत पुलांच्या कठड्यांवर उंच जाळ्या लागल्या, आणि भाविकांना पिशवी आता जाळीवरून भिरकावावी लागते. त्यातला नेम पाहिला म्हणजे भक्तीला कष्ट नकोत हा समज गळून पडतो.

या प्रथेला आपल्या संतपरंपरेचाही आधार देता येईल. नामदेव गुरूच्या शोधात गेले, तेव्हा विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेले त्यांना दिसले, अशी कथा आहे. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेवांनी ते जिथे जिथे ठेवले, तिथे तिथे पिंड उभी राहिली. देव सर्वत्र आहे, हा धडा नामदेवांना इतक्या सायासाने शिकावा लागला. आपण तो सोसायटीच्या दाराबाहेर पडतानाच शिकलो. देव सर्वत्र असल्यामुळे तो गटाराच्या कडेला, रोहित्राच्या पिंजऱ्याजवळ किंवा भिंत ओली करणाऱ्यांना अटकाव म्हणून जिन्याच्या कोपऱ्यातही ठेवता येतो.

आता या देवांचे पुढे काय होते ते पाहू. पावसात कागद विरघळतो, वाऱ्याने चौकट आडवी होते, काच फुटून मुळांत पसरते. मग एके सकाळी महानगरपालिकेचा सफाई कामगार येतो. हातमोजे असले तर घालतो, नसले तर तसाच काचा वेचतो. मागचा पुठ्ठा ओलीने सुटलेला असतो, त्यातून गंजलेल्या चुका वर आलेल्या असतात. त्या तळहातात घुसतात. काही जण उचलण्याआधी हात जोडतात. त्या देवाला मिळालेला तो शेवटचा नमस्कार, आणि तो ज्याने देव आणला त्याने केलेला नसतो.

इथे आपल्या समाजाचे औदार्य विशेष उठून दिसते. नाशिकच्या काळाराम मंदिरात अस्पृश्य ठरवलेल्या समाजांना प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 1930 साली सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. शहरांचा केर काढणारे हात आजही बहुतेक त्याच समाजांतले आहेत. ज्यांना देव लांबूनही पाहू दिला नाही, त्यांच्या हातात आपण तो आता नेऊन देतो. वर चौकटही देतो आणि तिच्या चुकाही. अट एकच, देव आपल्याला नकोसा झालेला असावा.

काही चिकित्सक मंडळी मात्र या प्रथेत खोडा घालतात. ती म्हणतात, तसबीर घरीच उघडा, काच आणि चौकट भंगारवाल्याला द्या, कागद बादलीत भिजवून त्याचा लगदा झाडाच्या आळ्यात घाला. शाडूची मूर्ती बादलीत विरघळते, ती माती कुंडीला चालते. प्लास्टर पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणाची रीत दाखवली आहे. त्यातून उरणारे पाणी खत म्हणून वापरता येते. धातूची मूर्ती मोडून त्याच धातूची नवी घडवता येते. आणि भेट म्हणून देवाची तसबीर देणे थांबवले, तर निम्मा प्रश्न देव्हाऱ्यात शिरण्याआधीच सुटतो.

या सूचनांत दोष काढणे अवघड आहे, पण त्या लोकांच्या गळी का उतरत नाहीत हे उघड आहे. त्यांत देवाला स्वतः हात लावावा लागतो. ज्याच्यापुढे वीस वर्षे परीक्षेचे निकाल, कर्ज आणि आजारपण यांची गाऱ्हाणी मांडली, त्याच्या तोंडाकडे पाहत चुका उपसाव्या लागतात. अर्धा तास त्याच्याजवळ बसावे लागते, आणि तेही काही मागायचे नसताना. देवघराचा खरा उपयोग कदाचित त्या अर्ध्या तासात कळला असता. पार त्यापासून आपल्याला वाचवतो.

म्हणून या प्रथेला आता रीतसर मान्यता द्यावी, असे सुचवावेसे वाटते. देवळाची पायरी बांधून देणाऱ्याचे नाव तिच्यावर कोरतात. पारावर ठेवलेल्या कित्येक तसबिरींवरही खालच्या कडेला ‘गृहप्रवेशानिमित्त सप्रेम भेट’ आणि देणाऱ्याचे नाव सोनेरी अक्षरांत शाबूत असते. देणाऱ्याला हा मान मिळतो, मग सोडणाऱ्याने निनावी का राहावे? महानगरपालिकेने एवढाच नियम करावा की, देव सोडताना तसबिरीच्या पाठीवर आपले नाव, इमारत आणि घराचा क्रमांक ठळक लिहावा. श्रद्धेचे काम आहे, लपवण्यासारखे त्यात काहीच नाही. काचा वेचणाऱ्यालाही मग कळेल की, तळहातातून रक्त आले तर कोणत्या घराची बेल वाजवायची.