काठी कोणत्या हातात?

चंद्रपुरात कुणी मुलाखतीला निघालं की उमेदवाराच्या आधी त्याची फाईल तयार होते. टीसी, गुणपत्रिका, डोमिसाईल, आधार, जातीचा दाखला, प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स, त्यांवर स्वतःच केलेल्या सह्या आणि आपणच आपल्याला ओळखू नये असे पासपोर्ट फोटो. शहरातल्या एका दवाखान्याला फिजिओथेरपी विभागात मदतनीस हवी होती, थेट मुलाखत होती आणि माझ्या भाचीने अर्ज केला होता. कागद जमल्यावर घराला आठवलं की आता पोरीचीही तयारी करायला हवी.

तयारीला आमच्याकडे मनुष्यबळाची वाण नाही. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी तिच्याकडून राज्यपाल, आरोग्यमंत्री आणि जिल्ह्यातले पंधराही तालुके पाठ करून घेतले. आपल्या देशात फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय पोलिओच्या साथीनंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघालं, हे तिने स्वतः शोधलं. गुरुजी खूश झाले, म्हणाले, "हे विचारतीलच." बहिणीने पांढरी ओढणी इस्त्री केली. मी "आत्मविश्वासाने बोल" असा सल्ला दिला. या सल्ल्याला काही खर्च येत नाही, म्हणून तो सगळेच देतात.

पण त्या कामात बोलायचं असतं किती? तिच्या वहीत मी डोकावलो. चाकाच्या खुर्चीतून पेशंट उठवण्याआधी ब्रेक लावायचा, पायाच्या फळ्या वर करायच्या. अर्धांगवायू झालेल्याला लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. चालवताना आपण त्याच्या कमजोर बाजूला उभं राहायचं. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. शेक देण्यापूर्वी कातडीला गरम-गार कळतं का ते पाहायचं. आपल्या भागात हा शेकाचा नियम नुसता पाठ करून भागत नाही. कुष्ठरोगाने किंवा जुन्या मधुमेहाने बधिर झालेली कातडी भाजली तरी 'हाय' म्हणत नाही. आणि सगळ्यांत खाली, दोन रेघा मारून लिहिलेलं: व्यायाम कोणता द्यायचा ते फिजिओथेरपिस्ट ठरवणार. आपण करून घ्यायचा, दुखलं तर थांबवायचा आणि सांगायचं.

सरावासाठी पेशंट शोधावे लागले नाहीत. गल्लीत बातमी फुटली आणि संध्याकाळी ओट्यावर रांग लागली. त्या रांगेकडे बघताना मला वाटलं, आमच्या मुलखाचा भूगोल कंबरेवरून शिकवता येईल. कोळशाच्या खुल्या खाणीत वर्षानुवर्षं डंपर चालवलेला माणूस खुर्चीवर बसताना आधी दोन्ही हात टेकवतो, कारण गाडीचे हादरे मणक्यात मुरलेले असतात. मूल-सिंदेवाहीकडची बाई आयुष्यभर पावसाळ्यात चिखलात वाकून धानाचा रोवणा करते, तिचा कणा आषाढ विसरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वाकून मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपानांची पुडकी बांधायची, म्हणजे उन्हाळाही पाठीवरच. 1982 साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण दोन्ही जिल्ह्यांच्या पाठी अजून एकत्रच दुखतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावकऱ्यांच्या या पाठदुखीची दखल घेतली, शोधग्रामात मणक्याच्या शस्त्रक्रियांची शिबिरं भरवली. नाहीतर कंबर दुखणं हा आपल्याकडे आजार समजतच नाहीत, वय समजतात.

रांगेत पहिले होते खाणीतून निवृत्त झालेले तात्या. उजवा गुडघा दुखतो, काठी उजव्या हातात. भाची म्हणाली, "तात्या, काठी डाव्या हातात धरा."

"टोंगळा दुखते उजवा अन् काठी धरू डाव्या हातात? असं कसं व माय?"

तिने समजावलं. चालताना उजव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातोच. काठी त्या हातात असली की दुखरा पाय आणि काठी एकदमच जमिनीला लागतात, भार वाटला जातो. तात्यांना पटलं नाही, पण सहानुभूती म्हणून त्यांनी काठी बदलली आणि जटपुरा गेटच्या बाजूला चहाला निघून गेले. परतले ते बरेच सरळ. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाले, "आज ऊन कमी हाय, म्हणून बरं वाटते." त्या दिवशी चंद्रपूरच्या मे महिन्याने नेहमीसारखीच भट्टी पेटवलेली होती. पण तात्यांची काठी अजून डाव्या हातातच आहे.

खरी पंचाईत रांगेतल्या एका आजींची झाली. त्या ओट्यावरून उठायला लागल्या की घरातले चौघं धावत, एक काखेत हात घाली, दुसरा मनगट ओढी. भाचीने सगळ्यांना मागे सारलं. आजींना ओट्याच्या कडेला सरकायला सांगितलं, पावलं मागे घ्यायला लावली, पुढे झुकवलं आणि आपला हात त्यांच्या पाठीमागे वीतभर अंतरावर नुसता धरून ठेवला. आजी डुगडुगल्या, पुटपुटल्या, कुणाकुणाचा उद्धार केला आणि उठल्या. आपल्या आपण! घरच्यांचे चेहरे पडले. इतके दिवस जिला आपण सेवा म्हणत होतो तिच्यामुळे आजी बसूनच राहिल्या होत्या, हे कुणाला आवडेल?

या नोकरीचं मर्म मला तिथे कळलं. आपल्याकडे माया म्हणजे दुसऱ्याचं काम आपण करून टाकणं. पाण्याचा पेला तोंडाशी नेणं, चप्पल पायात सरकवणं. मदतनिसाला याच्या उलट शिकावं लागतं. हात जवळ ठेवायचा, पण लावायची घाई करायची नाही. पेशंटला एक पाऊल टाकायला पाच मिनिटं लागत असतील तर पाच मिनिटं उभं राहायचं, आणि घड्याळाकडे बघायचं नाही.

भाचीने तयारीत आणखी एक गोष्ट घातली होती, जी गुरुजींच्या यादीत नव्हती. ती वेगवेगळ्या भाषांत दहापर्यंत मोजायला शिकत होती. दवाखान्यात सिरोंच्याकडचा तेलुगू बोलणारा येतो, मुलचेऱ्याचा बंगाली, भामरागडचा माडिया. पाय वर उचलून 'ओकटी, रेंडू, मूडू' ऐकलं की माणूस चौथ्यांदाही उचलतो. परक्या आकड्यांवर तो तिसऱ्यालाच थकतो.

मुलाखतीचा सगळा डोलारा मात्र बसण्यावर उभा आहे. ताठ बसा, मांडीवर हात ठेवा, खुर्ची ओढू नका. पण नीट बसता येणं म्हणजे काम येणं नव्हे. आमच्याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ 1949 साली आनंदवन उभं करणाऱ्या बाबा आमट्यांना मणक्याच्या आजाराने बसताच येत नसे. एक तर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. 1985 साली भारत जोडो यात्रेला ते कन्याकुमारीहून निघाले तेही गाडीत पलंगावर पडून. त्याच आनंदवनात, कुष्ठरोगाने आखडलेली बोटं हलती ठेवायला हवीत, हे पदवीचा कागद नसलेल्या कितीतरी माणसांना कळलेलं होतं.

म्हणून मुलाखत घेणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. आमच्या पोरांना राज्यपाल खुशाल विचारा, ते सांगतील. पण नंतर वॉर्डातल्या एखाद्या आजोबांना खुर्चीतून उठवायला सांगा आणि उमेदवाराचा हात किती लवकर पुढे जातो ते पाहा. जो थोडा थांबेल त्याला घ्या. आणि घेतलंत तर त्याचा पगार मात्र थांबवू नका.