प्रकल्पबाप

वडवणीत कुणाचं लेकरू कुठल्या शाळेत जातं हे कळायला जनगणना लागत नाही. सकाळी पावणेदहाला ओट्यावर येऊन बसलं की सगळा हिशेब डोळ्यांपुढून जातो. पायी जाणारी दप्तरं जिल्हा परिषदेकडं, टाय बांधलेली पिवळ्या गाडीकडं. आमच्या गल्लीतली दोन लेकरं मात्र नेमकी याच वेळेला उलट्या दिशेनं निघायची. नऊ वर्षांच्या थोरलीच्या हातात चाळणी, सहा वर्षांच्या धाकट्याच्या हातात खुरपं, आणि मागं गळ्यात मोजपट्टी अडकवलेला त्यांचा बाप. गल्लीनं त्याचं नाव ठेवलं प्रकल्पबाप.

ही जात मूळची इकडची नव्हे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पुण्याहून जे जे गावाकडं आलं, त्यात हाही प्रकार आला. बाकीचे पुढं परत गेले, हा राहिला. नवऱ्याचं काम लॅपटॉपवर, बायकोचं काम लॅपटॉपवर आणि लेकरांची शाळा अंगणात. झालं असं की, चार वर्षांच्या थोरलीला मोबाइलमधल्या बाईंनी तीनदा ‘म्यूट कर’ म्हटलं आणि याचं टाळकं सरकलं. पोरगी नुकती कुठं बोलायला लागली होती.

मी निवृत्त गुरुजी. तेहेतीस वर्षं खडू खाल्ला. पहिल्याच भेटीत हा मला म्हणाला, “गुरुजी, शाळा ही कल्पनाच मुळात चुकीची आहे.” पेन्शन चालू असताना असं कुणी तोंडावर सांगितलं की माणूस चहा विचारायचं विसरतो.

पण त्याचं वाचन दांडगं. गांधीजींनी 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत हातानं काम करत शिकायची नई तालीम मांडली, इथून तो सुरू होतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी लेकरांसाठी रानातच शाळा कशी नेली, या वळणावर चहा होतो. आणि विनोबांनी 1916 साली आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली, इथं आवाज चढतो. एकदा त्याच्या वडिलांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, “आन तुझी इंजिनिअरिंगची कुठंयत रे?” ती लॅमिनेशन करून पेटीत होती. त्या दिवशी व्याख्यान लवकर आटोपलं.

त्याचा हुकमाचा एक्का म्हणजे मालविका राज जोशी. मुंबईची ही मुलगी सातवीतच शाळा सोडून घरी शिकली, संगणक ऑलिंपियाडची पदकं मिळवली आणि 2016 मध्ये थेट अमेरिकेच्या एमआयटीत दाखल झाली. ही गोष्ट तो आल्यागेल्याला सांगतो. लेकरांची आजी निवडत्या सुपातून मान वर न करता म्हणाली, “म्हंजी गेली ना शेवटी शाळंतच?”

आजी म्हणजे त्या घरशाळेची शिपाई, स्वयंपाकीण आणि तपासनीस. प्रत्येक प्रकल्पाचा शेवट तिच्या केरसुणीनं होतो. गांडूळखताचा प्रकल्प तिच्या पिठाच्या डब्यात झाला, शेवयांच्या पाटाचा उतार मोजून झाला. भाकरीवर अपूर्णांक शिकवायचे म्हणून बापानं चुलीपुढं लेकरं बसवली, तेव्हा तव्यावरची भाकरी पापुद्रा धरून करपायच्या बेतात आली तरी धाकट्याचं ‘चतकोर म्हणजे एकावर किती’ संपेना. आजीनं भाकरी मोडली, चार हातांवर ठेवली आणि म्हणाली, “हा तुझा चतकोर. खा, मंग कळंल.”

पण काडेपेटीचा प्रकल्प गाजला. अरविंद गुप्तांची काड्यांची खेळणी आता जगभर माहीत आहेत. काडीवरचा गूल खरवडायचा, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे करायचे, तुकड्याच्या दोन्ही तोंडांत काड्या खोचायच्या. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच कलतो, म्हणून पुलाला आणि पत्र्याच्या कैचीला त्रिकोण. मी बी.एड. झालो तरी हे मला कुणी हातात देऊन सांगितलं नव्हतं. सहा वर्षांच्या पोरानं सांगितलं. अडचण एवढीच की, दुसऱ्या दिवशी पहाटे देवापुढं दिवा लावायला आजीनं घरातल्या पाचही काडेपेट्या उघडल्या आणि एकाही काडीला डोकं नव्हतं. आठवडाभर गल्लीतल्या सायकलवाल्याकडंही व्हॉल्व्ह ट्यूब मिळाली नाही.

सगळ्याची नोंद एका लांबट वहीत. अनुक्रमांक, प्रकल्पाचं नाव, साहित्य, कालावधी, काय शिकलो. ‘क्र. 17, सीताफळ. साहित्य: सीताफळं 6. कालावधी: 1 दिवस. काय शिकलो: बिया मोजेपर्यंत ताईनं गर खाल्ला.’

घरशाळेची दुसरी बाजू म्हणजे गटभेट. चार-सहा लेकरांनी मिळून बाहेर पडायचं, बघायचं, विचारायचं. पुण्यात असे पालक एकमेकांना सापडतात. वडवणीत गट कुठून आणायचा? बाकी सगळी लेकरं शाळेत! त्यामुळं गटभेट फक्त रविवारी, दिवाळीत आणि उन्हाळ्यात. शाळेची सुट्टी कधी लागते याची एवढी वाट शाळेतल्या पोरांनीही बघितली नसेल. एरवीच्या दिवशी गट म्हणजे ही दोघं आणि गल्लीच्या टोकाचा एक पोरगा. तो शाळेच्या पटावर होता, पण पटावरच होता.

या तिघांनी जिल्हा पालथा घातला. सिंदफणेवरचं माजलगावचं धरण बघितलं. धारूरचा किल्ला आदिलशाहीतल्या किश्वरखानानं बांधला हे किल्ल्यातच बसून ऐकलं. परळीच्या रेल्वेचा भराव पायांनी मोजला. नगर-बीड-परळी या 261 किलोमीटरच्या मार्गानं आमच्या दोन पिढ्यांना धीर शिकवला आहे. 17 सप्टेंबर 2025 ला गाडी बीडपर्यंत आली तेव्हा प्रकल्पबाप लेकरांना घेऊन बीडला गेला होता. वहीत नोंद आहे: ‘काय शिकलो: आजोबा रडले.’

आठवडी बाजारातली भेट मी सोबत होतो म्हणून सांगतो. थोरलीकडं पन्नास रुपये आणि बापानं छापून आणलेला तक्ता. मिरचीच्या पालावर तिच्याएवढीच पोरगी बसलेली. मिरची साठ रुपये किलो. थोरलीनं मुद्दाम साडेतीनशे ग्रॅम मागितली आणि तक्त्यावर गुणाकार मांडायला घेतला. तिचा हातचा लिहून व्हायच्या आत ती पोरगी म्हणाली, “एकवीस झाले. वीस दे.”

“एक रुपया का सोडला?”

“पुढल्या बाजारी माझ्याकडंच येशील म्हून.”

प्रकल्पबापानं तक्ता घडी करून खिशात घातला. परतीच्या वाटेवर मला म्हणाला, “बघा गुरुजी, शाळेबाहेर किती शिक्षण आहे!” मी म्हणालो, “हाय ना. पण त्या पोरीला पावती वाचता येत नाही. व्यापाऱ्याची चिठ्ठी तिनं तुमच्या थोरलीकडूनच वाचून घेतली. तुम्ही कोथिंबीर बघत होता.”

दरवर्षी शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण निघतं. माझाच एक जुना विद्यार्थी, आता मास्तर, फॉर्म घेऊन प्रकल्पबापाच्या दारात आला आणि अडकला. कारणांच्या रकान्यात बसेना. “स्थलांतर?” नाही. “वीटभट्टी? ऊसतोड?” नाही. “लहान भावंडं सांभाळणं?” नाही. प्रकल्पबाप म्हणाला, “लिहा, तत्त्व.” मास्तर घाम पुसत म्हणाला, “सर, तत्त्वाचा कोड नाही.” मग प्रकल्पबापानं 2009 चा शिक्षणहक्क कायदा काढला, हक्क लेकराचा आहे, सक्ती सरकारवर आहे, पुढं मुक्त विद्यालयातून दहावी देता येते वगैरे. मास्तरनं चहा घेतला आणि रकान्यात ‘इतर’ लिहिलं.

तिथून तो गल्लीच्या टोकाच्या घरी गेला. तिथं त्याला एक क्षणही अडकावं लागलं नाही. कोड तयार होता.

आमच्या भागात दिवाळी सरली की कोयता निघतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल घेतलेली, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून कुणी सांगलीकडं, कुणी कर्नाटकात, पार कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत. त्या पोरानं जन्मल्यापासूनचे सगळे हंगाम फडात काढले होते. वाढ्याची मोळी कशी आवळायची, बैल कुठल्या पायानं लंगडतो, साखरेचा कारखाना लांबून वासानं कसा ओळखायचा, सगळं त्याला यायचं. प्रकल्पबाप हे ऐकून भारावला. “सहा-सहा महिन्यांची क्षेत्रभेट! हेच तर खरं अनुभवशिक्षण!” असं तो त्या पोराच्या आईला म्हणाला.

बाई पाचट झटकावं तसा पदर झटकून म्हणाल्या, “मंग औंदा तुमची न्या आमच्या संगट. आमचं ठिवून घ्या तुमच्या जागी.”

प्रकल्पबाप गप्प झाला. त्याला गप्प झालेलं मी विनोबांच्या प्रमाणपत्रांनंतर दुसऱ्यांदा बघितलं.

त्या वर्षी बाईंनी पोराला नेलं नाही. त्याच्या आजीजवळ ठेवलं, हंगामी वसतिगृहात नाव घातलं आणि जाताना मला बजावून गेल्या, “गुरुजी, एक दिस बी घरी दिसला तर मला फोन लावा. उसात असले तरी उचलीन.” ट्रॅक्टर गेला. सोमवारी पोरगा तेल लावून, दप्तर घेऊन शाळेत गेला आणि प्रकल्पबापाचा गट बसला. एकाच दिवसात गटाची संख्या तिनावरून दोनावर, म्हणजे भावा-बहिणीवर आली. आणि भाऊ-बहीण हा काही गट नव्हे, ते भांडण असतं.

चार दिवसांनी वहीत थोरलीच्या अक्षरात नवी ओळ आली. ‘क्र. 41, शाळा. साहित्य: दप्तर 2. कालावधी: 1 दिवस.’ बापाला मागं सरता येईना. प्रकल्प लेकरांनीच सुचवायचा हा त्याचाच नियम. क्षेत्रभेट म्हणून सोडलं. संध्याकाळी दोघं पिवळ्या खिचडीचे हात घेऊन परत आली आणि म्हणाली, निरीक्षण अपुरं राहिलंय. कबड्डीत सात गडी लागतात, घरात तेवढे नाहीत. दुसऱ्या दिवशीही अपुरंच राहिलं. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं ‘1 दिवस’ खोडरबरनं पुसलं. जागा अजून कोरी आहे.

बाप पंधरा दिवस गळ्यात मोजपट्टी घालून अंगणात नुसता फिरला. मग एका शनिवारी तो दहा वाजता उलट्या नव्हे, सुलट्या दिशेनं निघाला. मुख्याध्यापकांनी त्याला चौथीचा वर्ग दिला. मी खिडकीतून बघितलं. फडातून मोळी आवळायला शिकलेला तो पोरगा काड्यांचा पूल बांधत होता आणि त्रिकोण का हलत नाही हे मिरचीवालीला समजावत होता. तीही आता पटावर आहे; बाजाराचा दिवस सोडून येते.

घरशाळेची आजी आता बिनघोर दिवा लावते. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई मात्र शनिवारी काडेपेटी कमरेला खोचूनच फिरतात.