सात नंबरवाले लेफ्ट झाले

"अगं, कळलं का? सात नंबरवाले लेफ्ट झाले!"

मी दोरीवर उशांचे अभ्रे घालत होते. तारेच्या कुंपणापलीकडे मावशी, हातात कढीपत्त्याची डहाळी. नुसती वाटी घेऊन आल्या तर बातमी बेताची असते. डहाळी असली की मोठी.

"कधी? ग्रुपवर तर काहीच दिसलं नाही."

"दिसणार कसं? आता काही वर्षं झाली, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून गुपचूप निघता येतं. फक्त अ‍ॅडमिनला कळतं."

आणि आमच्या कॉलनीचे अ‍ॅडमिन म्हणजे मावशींचे यजमान, आमचे काका. त्यामुळे असलं गुपित आमच्याकडे साधारण चहा गाळून होईपर्यंत टिकतं.

भांडण कोपऱ्यावरच्या गुलमोहोराचं, एवढं मला ठाऊक होतं. सात नंबरवाल्यांनी सकाळी साडेसहाला वाकलेल्या फांदीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'कुणाला काही पडलंय का?' बारा नंबरची मुलगी वकिली शिकते. तिने लगेच उत्तर दिलं, शहरातलं झाड परस्पर तोडता येत नाही, १९७५ चा कायदा आहे, परवानगी लागते. खरं तर तोडायचं कुणी म्हटलंच नव्हतं. पण तिने तसं वाचलं, आणि सात नंबरवाल्यांनी तिचं उत्तर 'आम्हाला शिकवते' असं वाचलं.

"मग सात नंबरवाल्यांनी तिला 'आपण' म्हटलं गं! 'आपण अजून लहान आहात.' परवापर्यंत 'काय गं बाळ' म्हणत होते."

हे मात्र मावशींनी अचूक पकडलं. आपल्याकडे भांडण तापलं की माणसं शिवीवर नाही, आदरार्थी बहुवचनावर येतात. 'तू'चं 'तुम्ही', 'तुम्ही'चं 'आपण', आणि 'नम्र विनंती' आली की समजावं, आता पाट्या लागणार. देवनागरीत ओरडायला मोठी अक्षरं नाहीत, म्हणून आपण उद्गारचिन्हं पेरतो. दुपारपर्यंत त्या ग्रुपवर इतकी पेरणी झाली होती की मी फोन उलटा ठेवून झोपले.

"आणि चार नंबरच्या वहिनींनी काय टाकावं? संयमावरचा सुविचार! मावळत्या सूर्याच्या फोटोसकट. कुणाचं नाव नाही, काही नाही."

"लेकी बोले सुने लागे."

"तेच तर! सात नंबरवाल्यांना वाटलं आपल्याला, बारावालीला वाटलं आपल्याला. मलासुद्धा क्षणभर वाटलं, मी काय केलं?"

"तुम्ही काहीच लिहिलं नाहीत?"

मावशी डहाळीची पानं खुडायला लागल्या. "मी आपला अंगठा टाकला. वाचलं, एवढंच सांगायला."

"कुणाच्या मेसेजवर?"

"बघितलं नाही गं नीट. 'आपण अजून लहान आहात'वर पडला."

मला हसू आवरेना. मावशींच्या पिढीला अंगठा म्हणजे पोच. बारा नंबरच्या पोरीला तो 'बरोबर बोललात' वाटला, म्हणजे ती थेट मावशींवर रुसलेली. मी त्यांना कॅनडातल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. धान्य घेणाऱ्या कंपनीने त्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवला, त्याने उलट अंगठा पाठवला. माल काही दिला नाही. २०२३ मध्ये तिथल्या कोर्टाने तो अंगठा सहीसारखा धरला आणि त्याला ८२ हजार डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली.

"अगं बाई! म्हणजे मी सही केली?" मावशींनी अंगठा पदराआड घेतला.

काकांची काळजी वेगळी होती. कुणीतरी काही भलतंसलतं लिहायचं आणि अ‍ॅडमिनला पोलीस न्यायचे, या धास्तीने ते रात्री दोनदा उठले म्हणे. नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगून टाकलंय, की सभासदाच्या लिहिण्याबद्दल, आधी संगनमत नसेल तर, नुसता अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. मी हे सांगितल्यावर मावशी म्हणाल्या, "आज नको सांगूस त्यांना. जरा घाबरलेलेच बरे, भाजी आणायला पटकन उठतात."

"काकांनी समजावलं नाही कुणाला?"

"समजावलं की! टिळक-आगरकर काढले. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला, दोघे जाहीर भांडले, पण आगरकर गेल्यावर टिळकांनीच मृत्युलेख लिहिला, वगैरे वगैरे. एवढा मोठा मेसेज. कुणी 'आणखी वाचा'वर दाबलंसुद्धा नसेल. मी म्हटलं, अहो, 'केसरी' आठवड्याने निघायचा. रागाला सहा दिवस निवायला मिळायचे. यांना सहा सेकंद मिळत नाहीत."

मला तर वाटतं, मावशींनी अग्रलेख लिहायला हवे होते. पाठवलेलं पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतं म्हणा, पण राग पंधरा मिनिटांत कुठे उतरतो? आणि पुसलं तरी 'मेसेज डिलीट केला' ही पाटी मागे राहतेच. मग काय होतं, याची चौकशी दिवसभर. सात नंबरवाल्यांनी पुसलेलं काय होतं, ते मावशींना पाठ होतं. इथे देत नाही.

"मग आता?"

"आता काय. काल संध्याकाळी सुरळीच्या वड्या घेऊन गेले त्यांच्याकडे. आधी तोंड फुगवून बसले. मग म्हणाले, नातू सकाळी त्याच फांदीखाली शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभा असतो. मागच्या पावसाळ्यात तिथेच एक फांदी कोसळलेली, तू बघितली होतीस ना?"

"हे लिहिलं का नाही त्यांनी? एका ओळीचं काम होतं."

"मीही तेच विचारलं. म्हणाले, ते काय सांगायचं असतं?"

मी गप्प झाले. तो पोरगा निळं दप्तर घेऊन तिथे उभा असतो, हे मी रोज बघते. फोटोत तो नव्हता.

"तिथूनच बारा नंबरकडे गेले. अंगठ्याचं सांगितलं, नातवाचं सांगितलं. पोरगी म्हणाली, धोक्याची फांदी छाटायला वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो, मी लिहून देते. सही सात नंबरवाल्यांची, अक्षर तिचं. आज यांनी दोघांना—"

मावशींच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. हात लांब धरून, डोळे बारीक करून त्यांनी वाचलं.

"यांनी सात नंबरवाल्यांना परत ग्रुपवर या म्हणून लिंक पाठवली होती. उत्तर आलंय."

"काय म्हणतात?"

मावशींनी कुंपणावरून फोन माझ्यापुढे धरला. नुसता एक पिवळा अंगठा.

"आता हा कुठला धरायचा गं? आपला की कॅनडाचा?"