नूतन प्रणालीच्या स्थापनेविषयी उमेदवारांस सूचना

इमारतीच्या पोटातून जाणाऱ्या नळांची आणि डक्टांची व्यवस्था रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये लावू इच्छिणाऱ्या उमेदवाराने प्रथम ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी की, या राज्यात सर्वस्वी नवे असे काही निर्माण करण्याचा अधिकार प्रजेस नाही. विधात्याने, म्हणजे ऑटोडेस्क कंपनीने, डक्टांसाठी ३ आणि नळांसाठी ११ वर्ग ठरवून दिले असून त्यांत आणखी एकाची भर घालण्याची दरखास्त कोणत्याही कचेरीत दाखल करून घेतली जात नाही. प्रजेने करावयाचे ते इतकेच की, एखाद्या जुन्या प्रकाराची नक्कल काढावी, तिला नवे नाव द्यावे आणि आपण प्रणाली स्थापन केली असे सांगत हिंडावे.

विधी सोपा आहे. प्रोजेक्ट ब्राउझरमध्ये 'फॅमिलीज'खालचे 'पायपिंग सिस्टिम्स' उघडावे, मूळ प्रकारावर माउसची उजवी कळ दाबून 'ड्युप्लिकेट' निवडावे आणि जे अपत्य जन्मास येईल त्याचे तत्काळ नामकरण करावे. नामकरण उद्यावर टाकले की 'हायड्रॉनिक सप्लाय २' हे नाव त्यास कायमचे चिकटते, आणि नकाशांतून व तक्त्यांतून मिरवत ते थेट मालकाच्या मेजावर रुजू होते. मग मालक इतर दोन-तीन क्रमांकांचीही चौकशी आरंभतो.

खरी परीक्षा मूळ पुरुष निवडण्यात आहे, कारण येथे वर्ग जन्मानेच ठरतो आणि पुढे नाव, रंग वा संक्षेप काहीही बदलला तरी तो सुटत नाही. चिलरकडून निघणारे पाणी हायड्रॉनिक सप्लायच्या वंशात घालावे, परतणारे हायड्रॉनिक रिटर्नच्या. मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींत सांडपाणी शुद्ध करून शौचालयांच्या फ्लशला पुरवितात, ते डोमेस्टिक कोल्ड वॉटरच्या. आणि स्वयंपाकघरातील धूर एक्झॉस्ट एअरच्या. 'थंड पाणी ते थंडच' अशा भोळ्या न्यायाने चिल्ड वॉटरला घरगुती थंड पाण्याच्या घराण्यात दत्तक देणारे उमेदवार आम्ही पाहिले आहेत. त्यांचा नळ मजल्यामजल्यांतून दिमाखाने फिरतो आणि चिलरच्या तोंडाशी येताच अडतो, कारण त्या यंत्राच्या कनेक्टरवर त्याच्या कर्त्याने हायड्रॉनिक असा शिक्का आधीच मारून ठेवलेला असतो. अशा वेळी यंत्राची फॅमिली उघडून शिक्का खोडण्याचा मोह आवरावा आणि निमूटपणे वंश बदलावा.

नळांच्या ११ वर्गांची वाटणी पाहिली असता विधात्याच्या मनातील भय उघड होते. त्यांतील ४ एकट्या अग्निशमनाला बहाल आहेत: ओले, कोरडे, प्री-ॲक्शन आणि शिवाय इतर. पावसाच्या पाण्याच्या वाट्याला मात्र एकही नाही. विधात्याने कोकणातला आषाढ पाहिलेला दिसत नाही. गॅसचीही तीच अवस्था. परिणामी रुग्णालयाच्या प्रकल्पात रुग्णाच्या उशाशी जाणारा ऑक्सिजन आणि उपाहारगृहाच्या शेगडीला जाणारा एलपीजी हे दोघेही 'अदर' नामक एकाच धर्मशाळेत उतरतात, आणि दफ्तरी ते सख्खे भाऊ ठरतात. त्यांना वेगळे राखण्याची सारी जबाबदारी मग संक्षेप आणि रंग या दोन पहारेकऱ्यांवर पडते, म्हणून संक्षेपाचा रकाना रिकामा ठेवू नये. रंगाच्या बाबतीत आयएस २३७९ हे भारतीय मानक पाण्याला सागरी हिरवा, हवेला आकाशी आणि वायूंना कॅनरी पिवळा रंग सांगते. पांढऱ्या कागदावर पिवळी रेघ दिसत नाही, ही तक्रार मानकाकडे न नेता रेघ जाड करावी. एखाद्या व्ह्यूमध्ये आपला रंग उमटलाच नाही, तर तेथे फिल्टरचे फर्मान आपल्या फर्मानावर वरचढ झाले आहे असे समजावे.

अपत्य केवळ वर्गच नव्हे तर पित्याचे तापमानही घेऊन येते. चिल्ड वॉटर साधारणपणे ७ अंश सेल्सियसला निघते आणि १२ला परतते. ही तापमाने उमेदवारानेच टाइप प्रॉपर्टीजमध्ये नोंदवावयाची असतात, एरवी दाबक्षयाचा हिशेब पित्याच्याच तापमानावर होत राहतो. मॉडेल फार मोठे होऊन प्रत्येक नळ ओढताना संगणक ध्यानस्थ बसू लागला, तर गणनेच्या रकान्यात 'नन' लिहून सर्व हिशेब बरखास्त करण्याची सोय आहे. वरिष्ठ रजेवर असताना ही सोय विशेष लोकप्रिय असते.

शेवटचे कलम स्थलांतरितांविषयी. दुसऱ्या प्रकल्पातून शौचालयांचा आयता गट उचलून आणला की त्याच्याबरोबर त्याच्या प्रणालीही येतात. नाव तंतोतंत जुळले तर यजमान प्रकल्पाचीच प्रणाली ग्राह्य धरली जाते आणि पाहुणी मुकाट्याने विसर्जित होते. पण कोणी 'फ्लशिंग वॉटर' या दोन शब्दांत चुकून दोन जागा सोडल्या असतील, तर यादीत एकाखाली एक दोन 'फ्लशिंग वॉटर' उभे राहतात, अर्धा फ्लश एकाचा आणि अर्धा दुसऱ्याचा. त्यांपैकी ज्याच्या पदरी कमी नळ असतील त्याचे सर्व नळ निवडून दुसऱ्याच्या स्वाधीन करावे आणि रिकामा झालेला प्रकार, निविदा निघण्यापूर्वी, काढून टाकावा.